चरबीच चरबी जाळते तेव्हा

ऐका रे पोरांनो. आल्प्सच्या डोंगरात मार्मोट नावाचा खारीच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी राहतो. सहा-सहा महिने बिळात झोपतो, अंग पार गार पडतं. तरी अधूनमधून, काही न खातापिता, स्वतःला पुन्हा तापवून घेतो! 1551 मध्ये झुरिकच्या कॉनराड गेस्नरनं त्याच्या खांद्यांमधल्या एका गोळ्याची नोंद केली. धड मांस नाही, धड चरबीही नाही. तो कशासाठी, हे कळायला पुढं चारशे वर्षं गेली.

ती तपकिरी चरबी. पोटावरची पांढरी चरबी साठवते, ही जाळते. पेशीत मायटोकाँड्रिया ठासून भरलेले असतात, त्यांतल्या लोहानं हा रंग येतो. मायटोकाँड्रिया म्हणजे धरणच समजा: अन्नाच्या ऊर्जेनं प्रोटॉन भिंतीपलीकडे कोंडायचे आणि जनित्रातून सोडून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवायचं. तपकिरी पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या भिंतीत मात्र यूसीपी1 नावाच्या प्रथिनाची चोरवाट असते. प्रोटॉन तिथून निसटतात, एटीपी बनत नाही, नुसती उष्णता निघते.

तान्ह्या बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याला ही चरबी तारते. डुकरांच्या पूर्वजांनी यूसीपी1 चं जनुकच गमावलं, म्हणून त्यांची पिल्लं जन्मताच कुडकुडतात.

‘मग आजोबा, सगळ्याच पेशींना चोरवाट पाडली तर?’ अरे, तेही करून झालं! 1933 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला डायनायट्रोफिनॉल दिलं. पहिल्या महायुद्धात स्फोटकांत वापरलेलं रसायन ते! वजनं उतरली. पण यूसीपी1 ची वाट शरीराला बंद करता येते, या औषधाची नाही. कुणाला मोतीबिंदू झाले, कुणी अंगातल्याच उष्णतेनं दगावले. 1938 च्या औषध-कायद्यानंतर ते बंद पडलं.

मोठ्या माणसांत ही चरबी उरतच नाही, असं बरीच वर्षं मानत. पण पेट स्कॅन या तपासणीत मानेपाशी काहीतरी उजळायचं, थंडीत जास्तच. 2009 मध्ये तीन गटांनी दाखवून दिलं, की ती तपकिरी चरबीच. लठ्ठ माणसांत ती कमी जागी दिसली. आता ती मंद म्हणून वजन वाढतं, की जाड थरामुळं थंडीच पोचत नाही म्हणून ती मंदावते? मला तर दोन्हींत तथ्य वाटतं.

आणि हो, उद्यापासून गार पाण्यानं अंघोळी सुरू करू नका. मोठ्यांच्या अंगात ती असतेच मूठभर, शिवाय गारठ्यानं भूक खवळते. जळेल त्याहून जास्त दोन भाकऱ्यांतच भरून निघेल.