दोन बोटांचे वादन
गिटारवर स्वराची उंची बदलते ती सहसा डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबल्याने. युरोपातील रोमानी वादक जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३) याच्या चाकांवरील घरास १९२८ साली आग लागली. त्याच्या त्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. अंथरुणास खिळून असतानाच त्याने पुन्हा गिटार हाती घेतली. तर्जनी व मध्यमा यांना त्याने तारांवर लांब धाव घेण्यास शिकविले. अनेक स्वर एकदम छेडताना बारीक तारा दाबण्याचे काम आखडलेल्या बोटांवर सोपविले. १९३४ साली पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्याचा वाद्यवृंद उभा राहिला. विद्यार्थिमित्रहो, त्याला पूर्वीचा हात परत मिळाला नाही. उरलेल्या हाताला साजेशी नवी रीत मात्र त्याने घडविली.