आयसोपॉड पाळताय? आधी पाला गोळा करा

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे म्हणजे" तेवढे कापलेत.

गेल्या महिन्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "दादा, आयसोपॉड मागवले, काकडी-गाजर रोज घालतोय, तरी एकेक करून मरतायत. का?"

याचं उत्तर त्यांच्या पोटाखाली आहे. कुंडी उचलली की खाली पळणारे ते राखाडी, चपटे जीव आठवतात ना? तेच आयसोपॉड. आपण किडा म्हणतो, पण ते कीटक नाहीत. कोळंबी आणि खेकड्याच्या गोतावळ्यातले, जमिनीवर राहायला आलेले. पाय चौदा. पोटाखाली पातळ पडदे असतात, ते कल्ल्यांसारखं काम करतात आणि ओलसर असले तरच श्वास चालतो. म्हणजे डबा पूर्ण कोरडा झाला की ते गुदमरतात. आणि सगळीकडे चिखल करून झाकण घट्ट लावलंत, तरी मरतात.

म्हणून डब्याच्या एका बाजूचा साधारण तिसरा हिस्सा ओला, बाकी कोरडा. कुठे बसायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा पुरतो. समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडा, आतून बारीक जाळी चिकटवा. खाली रासायनिक खत नसलेली माती, कोकोपीट आणि कुजकं लाकूड, दोन-तीन इंच. पाणी फवारत बसू नका, ओल्या कोपऱ्यात हळूच ओता. मे महिन्यात डबा खाली फरशीवर, सावलीत ठेवा. पावसाळ्यात उलटी अडचण, तेव्हा पाणी कमी आणि हवा जास्त.

आता खाणं. काकडी हा त्यांचा वडापाव आहे. जेवण म्हणजे वाळलेला पाला! निसर्गात त्यांचं कामच ते, पडलेली पानं आणि कुजकं लाकूड खाऊन मातीत परत घालणं. स्वतःची विष्ठासुद्धा पुन्हा खातात, त्यात राहिलेलं पोषण काढून घेतात. (जेवताना ऐकत असाल तर सॉरी.) देशी बदामाची मोठी लाल-तपकिरी पानं उत्तम, फणस आणि पेरूचीही चालतात. झाडावरची हिरवी तोडू नका, खाली पडून वाळलेलीच घ्या. कडुनिंब आणि निलगिरी नको. सोसायटीत औषधफवारणी होत असेल तर तिथला पाला अजिबात नको, भाजीबाजाराशेजारचं झाड परवडलं. आणलेली पानं दहा मिनिटं उकळून वाळवा, म्हणजे नको ते पाहुणे येत नाहीत. आणि थर जाड ठेवा, पाला कधीच संपता कामा नये.

गाजर, भोपळा आठवड्यातून एकदा, नखाएवढा तुकडा. दुसऱ्या दिवशी उरला की काढा, नाहीतर बुरशी आणि बारीक माइट्स. प्रोटीनसाठी मीठ न लावलेल्या सुक्या जवळ्याची चिमूट. हो, भाऊबंदच खायला घालतोय आपण, त्यांची तक्रार नाही. कॅल्शियमसाठी अंड्याचं कवच उकळून, वाळवून, चुरून टाका. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, तोही चालतो.

कॅल्शियम का? कारण वाढताना ते कात टाकतात, तीही दोन हप्त्यांत. आधी मागचा अर्धा भाग, मग पुढचा. "अर्धा पांढरा पडलाय, मेला का?" असे फोटो मला येतात. नाही रे, हात लावू नकोस फक्त. पण साधा राखाडी प्राणी अचानक चमकदार निळा-जांभळा झाला तर तो बहुतेक विषाणूचा आजार, त्याला लगेच वेगळा करा. मुळात निळसर असलेल्या जाती वेगळ्या, त्यांना घाबरू नका.

सुरुवात कुठल्या जातीने? पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस, ज्याला विक्रेते पावडर ऑरेंज किंवा पावडर ब्लू म्हणतात. आपली गरमी सोसतो, भराभर वाढतो. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, पिल्लं बाहेर येतात ती पांढरी आणि बाराच पायांची. सातवी जोडी नंतर फुटते. रीलमधल्या महागड्या थायलंडच्या क्युबारिसच्या मागे पहिल्याच वेळी लागू नका. त्या हळू वाढतात, आणि जंगलातून उचलून विकलेल्या असण्याचीही शक्यता असते.

आणि ट्रेकला सह्याद्रीत चकचकीत, गोळी होणारा मोठा जीव दिसला, तर तो बहुधा आयसोपॉड नव्हे, वाणीच्या कुळातला पिल मिलिपीड. पाय बघा, बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या दिसतील. त्याला तिथेच राहू द्या.

डब्यात गर्दी झाली की जास्तीचे बागेत किंवा टेकडीवर सोडू नका. परदेशी जात आपल्या मातीत मोकळी सोडणं मला बरोबर वाटत नाही. टेरेरियम ठेवणाऱ्या मित्राला द्या, सोबत पिशवीभर बदामाचा पालाही द्या.