कोशिंबिरीतल्या साखरेची बरतरफी

पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबाची फोड आणि चटणी यांच्या पंक्तीला बसणारी कोशिंबीर दर्शनी इतकी निरुपद्रवी असते की, मधुमेहाचे निदान झालेल्या गृहस्थाने भात मोजून घ्यावा, लाडवांच्या डब्याकडे पाठ फिरवावी, चहा बिनसाखरेचा प्यावा, आणि तरीही गाजराच्या कोशिंबिरीत दोन चमचे साखर पिढीजात वहिवाटीने पडत आहे याची त्यास वार्ताही नसावी, यात नवल नाही. माझी स्थिती अशीच होती. रक्ततपासणीचा कागद हाती आल्यावर घरातील साखरेच्या समस्त खात्यांची झडती घेण्याचे फर्मान मी मोठ्या आवेशाने सोडले, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, कोशिंबिरीतली साखर काढलीत तर मागे राहील तो चारा. तो काही मी पानात वाढायची नाही."

साखरेच्या बाजूने एक गोष्ट आधीच कबूल केली पाहिजे. चार माणसांसाठी पाव किलो गाजर किसले, तर त्या गाजरात निसर्गतःच सुमारे १२ ग्रॅम साखर असते. वरून घातलेले दोन चमचे म्हणजे आणखी ८ ते १० ग्रॅम. माणशी वाटणी केली तर ही वरकड साखर दोन-अडीच ग्रॅम भरते. पानातल्या दीडशे ग्रॅम भातात ४० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, त्यांच्यापुढे हा गुन्हा किरकोळच. परंतु ज्याला भात कमी करावयाचा असतो त्याच्या पानातील कोशिंबीर चमचाभराची न राहता वाटीभराची होते, डावीकडून सरकत सरकत पानाच्या मध्यावर येते, आणि तिच्यासोबत साखरेचाही हुद्दा वाढतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्याच प्रमाणात केलेली कोशिंबीर मी दोन्ही वेळा वाटी वाटी खाऊ लागलो असतो, तर दिवसाकाठी ९ ग्रॅमच्या आसपास साखर केवळ याच वाटेने पोटात गेली असती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेसाठी जी अधिक कडक मर्यादा सुचविली, ती प्रौढ माणसास दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे. तिच्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कोशिंबिरीने गिळंकृत करावा, हे मला मंजूर नव्हते.

पहिल्या दिवशी साखर तेवढी वगळून बाकी सर्व यथापूर्व ठेवले, आणि वहिनींची भविष्यवाणी खरी ठरली. दही जिभेला झोंबले, मिरची कानापर्यंत गेली, गाजर मात्र कोठेच लागले नाही. तेव्हा उमगले की, एखाद्या जुन्या कारकुनास कामावरून दूर करण्यापूर्वी तो नेमके काय काम करीत होता याची चौकशी करावी लागते, तशी ती साखरेचीही करावयास हवी होती. कोशिंबिरीला गोड करणे हे तिचे काम नव्हतेच. दह्याचा आंबटपणा आणि मिरचीचा तिखटपणा यांना धाकात ठेवणे, हे होते. मग आंबटपणाच मुळात वाढू दिला नाही, तर पहारेकऱ्याची गरज काय?

विरजणातील जीवाणू दुधातील शर्करेपासून आम्ल तयार करतात, आणि ऊब व अवधी जितका अधिक, तितके दही आंबट होते. उन्हाळ्यात सकाळचे दही संध्याकाळी तोंड वाकडे करावयास लावते ते यामुळे. म्हणून कोशिंबिरीसाठी नुकतेच लागलेले, अधमुरे दही घ्यावे, आणि हाताशी असल्यास त्यात चमचाभर साय फेटावी. मिरची कच्ची न घालता तुपाच्या फोडणीत जिरे-हिंगाबरोबर परतावी, म्हणजे तिची धार बोथट होते. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून त्यांचे जाडसर कूट करावे, आणि दोन चमचे ओले खोबरे घालावे. खोबऱ्यात अंगची गोडी थोडीच असते, पण तिच्यासोबत येणारा स्निग्धपणा आंबट-तिखटाला मऊ करतो. निम्म्या गाजराच्या जागी काकडी चोचवून घातली तर साखरेचा आकडा आणखी खाली येतो, कारण शंभर ग्रॅम काकडीत ती दोन ग्रॅमही नसते. मीठ मात्र पान वाढण्याच्या क्षणीच घालावे. आधी घातले की भाजीतले पाणी सुटून दही पातळ होते, आणि मग लोक पुन्हा साखरेच्या डब्याकडे पाहू लागतात.

गाजराविषयी एक जुना आळ येथेच निकालात काढतो. १९८१ साली टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोणते अन्न रक्तातील साखर किती झपाट्याने वाढवते याचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात ग्लुकोजला १०० धरून गाजराला नव्वदीच्या वरचा अंक मिळाला होता. पुढील मोजण्यांत तो अंक निम्म्याखाली उतरला. शिवाय शंभर ग्रॅम गाजरात कर्बोदकेच मुळी दहा ग्रॅमच्या आत. पण एकदा दप्तरात नाव चढले की ते पुसले जाणे कठीण, आणि "गोड कंद म्हणून गाजर वर्ज्य" असे सांगणारे आजही भेटतात. बीट त्याहून गोड आहे, सुमारे सात टक्के साखरेचे; ते मी अर्ध्या वाटीवर मुक्रर केले आहे.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घाला, असा सल्ला देणाऱ्या हितचिंतकांची संख्या मोठी आहे. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो, मधही शर्करांचाच बनलेला. नाव पालटून तोच इसम पुन्हा कामावर रुजू होतो, एवढेच. १८७९ साली सापडलेल्या सॅकरीनचाही प्रयोग करून पाहिला. तिची कडसर सावली दह्यात अशी काही रेंगाळते की, त्यापेक्षा वहिनींचा चारा पत्करला.

कर्नाटकात कोसंबरी करतात, ती या बाबतीत आदर्श म्हणावी लागेल: भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओले खोबरे, लिंबू आणि मोहरीची फोडणी, साखरेला तिथे मुळात जागाच नाही. ती आमच्या घरी आठवड्यातून दोनदा होऊ लागली आहे, आणि वहिनींना ती आवडते, हे त्यांनी अद्याप तोंडाने कबूल केलेले नाही. गाजराच्या कोशिंबिरीतली साखर मात्र त्यांनी दोन महिन्यांत चमचा, अर्धा चमचा, चिमूट अशी उतरवीत, मला न सांगता, एके दिवशी पुरती बंद केली.

केळ्याच्या कोशिंबिरीचा मामला तेवढा तुंबून राहिला आहे. तिच्यातली साखर काढता येते, केळे कसे काढणार? ती आता नैवेद्याच्या पानावरच होते, आणि नैवेद्याचे पान कोणी घ्यावयाचे याचा तंटा दर सणाला नव्याने उभा राहतो.