लमाणी टाक्याचे मोल

जी-२० राष्ट्रांच्या संस्कृतिविषयक कार्यगटाची बैठक जुलै २०२३ मध्ये हंपी येथे भरली. त्या निमित्ताने लमाणी भरतकामाच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडण्यात आल्या आणि अशा वस्तूंचे सर्वांत मोठे प्रदर्शन म्हणून त्याची नोंद गिनेस बुकात झाली. हे काम सांडूर परिसरातील साडेचारशेहून अधिक लमाण स्त्रियांच्या हातचे होते. विक्रमाची बातमी वृत्तपत्रांत आली, छायाचित्रे झळकली, पाहुण्यांनी कौतुक केले. अशा प्रसंगी जे होते ते सर्व यथासांग पार पडले. परंतु एखादी कला किती मोठ्या दालनात मांडली गेली यावरून तिची प्रकृती समजत नाही. ती कळण्यासाठी तांड्यावरील एखाद्या घरातली पेटी उघडावी लागते आणि तिच्यात आता काय उरले आहे ते पाहावे लागते.

बंजारा, लमाण, लंबाडी, सुगाली अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखला जाणारा हा समाज महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि त्यापलीकडेही पसरलेला आहे. त्याची गोरबोली प्रांत बदलला तरी बव्हंशी एकच राहिली. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणे हा त्याचा पिढीजात व्यवसाय. ‘लमाण’ या शब्दाचे नाते ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडले जाते. मोगल फौजांना धान्य पुरविणारे हेच. १८०३ साली असई आणि अडगाव येथे मराठ्यांशी लढणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या सैन्याची रसदही मोठ्या प्रमाणावर यांच्याच बैलांवर अवलंबून होती. इंग्रजी कागदपत्रांत ‘ब्रिंजारी’ म्हणून त्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, सडका झाल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत बैलांच्या पाठीवरचा व्यापार संपुष्टात आला. धंदा गेला तो गेलाच, वर शिक्का बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आणि त्याच्या पुढील विस्ताराच्या कक्षेत काही प्रांतांतील लमाणांचे गट ओढले गेले. हा कायदा देशभरातून रद्द होण्यास ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, लमाणी भरतकाम हे त्या भटकंतीचेच अपत्य आहे. ज्याला स्थिर घर नाही त्याला भिंती रंगविता येत नाहीत, खांब कोरता येत नाहीत. त्याने जे काही सजवायचे ते गाठोड्यात बांधून बैलावर लादता आले पाहिजे. म्हणून या समाजातील स्त्रियांनी आपली सारी कलाबुद्धी कापडावर ओतली. सुपारी-पैसे ठेवण्याची कोथळी, समारंभात वस्तू झाकण्याचा चौकोनी रुमाल, डोईवर घागर घेताना चुंबळीसारखी वापरण्याची फुलिया आणि तिला जोडून पाठीवर रुळणारे गळणे, बैलाची झूल, हे त्यांचे कॅनव्हास. अंगावरचा फेटिया म्हणजे घागरा, पाठ उघडी ठेवणारी कांचळी, डोक्यावरची टुकरी आणि विवाहितेच्या शिरावरील घुंगटो यांवर तर सूत, काच, कवडी, मणी आणि धातूचे मणी-घुंगरू यांची अशी गर्दी की मूळ कापड कोणते ते शोधावे लागते.

काम होते कसे, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. जाडेभरडे कापड घ्यायचे, प्रसंगी त्याचे दोन-तीन थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने ते एकजीव करायचे. महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ शिवताना पाहिलेल्या कोणालाही हा टाका परका वाटणार नाही. त्यावर निरनिराळ्या रंगांच्या कापडाचे त्रिकोण-चौकोन वरून शिवून लावायचे. मग येते खरे भरतकाम. त्यासाठी कागदावर नक्षी काढलेली नसते, कापडावर खडूची रेघ नसते. ताण्याबाण्याचे धागे नजरेने मोजीत सुई चालते. एक धागा चुकला तर पुढची सारी रांग तिरपी होते. विदर्भ-खानदेशाकडील कित्येक जुन्या कामांत ही मोजणी इतकी काटेकोर आढळते की लांबून पाहणाऱ्याला ते विणलेलेच कापड वाटावे. दक्षिणेकडे आरसे आणि ठिगळकाम यांचा भर अधिक. सांडूरच्या कामात चौदा प्रकारचे टाके मोजले जातात. किलण, वेले, बख्या, माकी ही त्यांपैकी काहींची नावे. शिवणाच्या वर्गात शिकविले जाणारे साखळी टाका, काजटाका आणि फुलीचा टाका हे याच घराण्यातले. वर्गातल्या पुस्तकाने मात्र या नातलगांची ओळख कधी करून दिली नाही.

आरसा कापडावर बसविणे ही स्वतंत्र विद्या आहे. काचेला भोक नसते, म्हणून तिला टाका घालता येत नाही. तिच्यावरून आधी दोन उभे, दोन आडवे धागे ताणून एक चौकट उभारतात आणि त्या चौकटीत सुई अडकवीत काचेभोवती गोलाकार गुंफण करीत जातात. गुंफण घट्ट होते तसतशी चौकट बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि मध्ये काचेचे मोकळे भिंग उरते. अशा कामासाठी लागणारी पातळ काच गुजरातमधील कपडवंज येथे परंपरेने तयार होत आली. काचेचा मोठा फुगा फुंकायचा, आतून त्याला धातुरसाचा मुलामा द्यायचा, आणि थंड झाल्यावर तो फोडून तुकडे करायचे. फुग्याचा तुकडा असल्याने त्याला किंचित बाक असतो. म्हणूनच जुन्या कामातील आरसे एकाच दिशेने न चमकता चालत्या स्त्रीबरोबर लुकलुकतात. यंत्राने कापलेल्या सपाट काचेत ही गंमत येत नाही, आणि प्लॅस्टिकच्या चकतीत तर मुळीच नाही.

कवडीचा प्रवास तर याहून लांबचा. मालदीवच्या समुद्रातून ती भारतात आली, बंगाल-ओरिसात दीर्घकाळ चलन म्हणून चालली आणि व्यापाऱ्याच्या थैलीतून त्याच्या बायकोच्या काठपदरावर चढली. शिवण्यापूर्वी तिचा फुगीर पाठीचा भाग फोडतात, त्यामुळे ती कापडावर सपाट बसते आणि दोरा ओवायला वाटही मिळते. तुळजाभवानीच्या कवड्यांच्या माळेमुळे मराठी मनात कवडीला एक पावित्र्य आहे. लमाणी रुमालाच्या चारी कोपऱ्यांवर बसलेली कवडीही अशीच केवळ शोभेची नाही. शुभाचे आणि समृद्धीचे ते चिन्ह आहे. काचेच्या मण्यांचा उपयोग बहुधा काठांसाठी होतो. सुईवर मणी ओवून त्रिकोणी जाळी करीत जायचे आणि शेवटी लोकरीचा किंवा सुताचा गोंडा सोडायचा. मणीकामाची सर्वांत श्रीमंत परंपरा अर्थात सौराष्ट्राची. तेथील ‘मोती भरत’ प्रकारात खाली कापड नसतानाही मणी मण्याला गुंफून तोरणे आणि चाकळे तयार होत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी व्हेनिसचे मणी सागरी व्यापारातून काठेवाडात येत. लमाण स्त्रीपाशी एवढा मणी कधीच नव्हता. म्हणून तिने तो काटकसरीने, नेमक्या जागी वापरला, आणि या कामाचे सौंदर्य काही अंशी या काटकसरीतच आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे सारे कोणासाठी? बाजारासाठी निश्चितच नव्हे. मुलगी जाणती झाली की आईशेजारी बसून सुई धरी, आणि लग्नापर्यंत तिची पेटी तयार होई. पाठवणीच्या वेळी नवरी जो ‘ढावलो’ गाऊन रडते, त्यात माहेर सुटण्याचे दुःख असते; त्या माहेराचे जे काही तिच्याबरोबर जाई ते मुख्यतः या कापडांच्या रूपाने. कोणत्या तांड्याचा हात आहे हे जाणत्या बाईला टाक्यावरून ओळखता येई. तिला सही करण्याची गरज नव्हती.

नेमका येथेच पुढील काळाचा घोटाळा झाला. स्वातंत्र्यानंतर कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हस्तकलांकडे देशाचे लक्ष वेधले, १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले, शहरी घरांत ‘एथ्निक’ वस्तूंची हौस वाढली आणि परदेशी पर्यटक आले. पेट्यांमधली जुनी कापडे बाहेर पडू लागली. दुष्काळी वर्ष, आजारपण, मुलाची फी अशा अडचणीच्या वेळी दारात आलेल्या फेरीवाल्याला ती दिली गेली. काही वस्तुसंग्रहालयांत आणि संग्राहकांकडे गेली, ती निदान टिकली. परंतु कित्येकांची गत निराळी झाली. घागऱ्याचा घेर उसवून त्याच्या पिशव्या, पट्टे, उशांचे अभ्रे शिवले गेले. गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात किंवा कळंगुटच्या वाळूवर लमाण स्त्रिया स्वतःच असा माल विकताना अनेक वर्षे दिसत आल्या आहेत. ज्या आजीने तो घागरा शिवला तिच्याच नातीला त्याचे तुकडे विकावे लागावेत, याला व्यापार म्हणता येईल. कलेचे संवर्धन म्हणता येणार नाही. संग्रहालयातल्या कापडालाही बहुधा जमातीचे नाव आणि अंदाजे शतक एवढीच चिठ्ठी. चित्रकाराचे नाव न लावता चित्र टांगले तर समीक्षक हरकत घेतील. सुईने काढलेल्या चित्राबाबत मात्र ती कोणाला सुचत नाही, कारण ते बाईने, घरात, ‘फावल्या वेळात’ केलेले असते. ज्यांनी हे काम डोळ्यांदेखत होताना पाहिले आहे ते फावला वेळ हा शब्द वापरणार नाहीत.

सांडूरचे उदाहरण याहून आशादायक आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सांडूर हे घोरपडे घराण्याचे जुने मराठी संस्थान, आज कर्नाटकच्या बळ्ळारी जिल्ह्यात. १९८० च्या दशकात तेथे कुशल कला केंद्राच्या रूपाने लमाण स्त्रियांच्या कामाला संघटित आधार मिळाला. २०१० साली ‘सांडूर लंबाणी भरतकाम’ या नावाला भौगोलिक मानांकन लाभले. मजुरी, कच्चा माल, विक्री यांची एक व्यवस्था उभी राहिली. पण मानांकन हे त्या प्रदेशापुरते असते. त्याच गोताची, त्याच बोलीची, तोच टाका घालणारी यवतमाळ, वाशीम किंवा बीड जिल्ह्यातील स्त्री त्याच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रात या समाजाची संख्या मोठी. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते, पुढे सुधाकरराव नाईकही त्या पदावर बसले. पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांचे श्रद्धास्थान आहे आणि तेथेच ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संग्रहालय झाले हे चांगलेच झाले. आता तेथील प्रत्येक कापडाखाली तांड्याचे आणि, कळत असेल तेथे, शिवणारणीचे नाव यावे, एवढी अपेक्षा गैर ठरू नये. ज्यांना ही नावे सांगता येतील अशा वृद्ध स्त्रिया अजून तांड्यांवर आहेत. पण हा हिशेब पुढे ढकलण्यासारखा नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लमाण मुलींनी तोच जड घागरा घालावा, तीच बलियांची रांग दंडावर चढवावी, असा आग्रह काही कलाप्रेमी धरतात. स्वतः शर्ट-पँट घालून कचेरीत जाणाऱ्यांना हा आग्रह शोभत नाही. त्या वेषामुळे वर्गात हसू झालेली, एसटीच्या रांगेत संशयाने पाहिली गेलेली आणि त्याच कारणाने साडी किंवा सलवार-कमीज स्वीकारलेली मुलगी आपल्या संस्कृतीशी द्रोह करीत नाही. तिने काय नेसावे हा तिचा प्रश्न. वेष सुटला तरी टाका सुटू नये, एवढेच म्हणता येईल. टाका शिकण्यासाठी घागरा अंगावर असावा लागत नाही.

मग तो शिकवायचा कोठे? विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या मुलांसाठी राज्यात आश्रमशाळा आहेत आणि तेथे लमाण मुली मोठ्या संख्येने शिकतात. त्या मुलींना कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले किंवा रुमालाच्या कोपऱ्यावरचे गुलाबाचे फूल शिकविले जाते आणि त्यांच्याच आजीला येणारी कला शाळेच्या फाटकाबाहेर राहते, हा विसंगतीचा कळस म्हणावा लागेल. आजीपाशी शिवणाची पदविका नसते, म्हणून तिला मानधन देता येत नाही, असे उत्तर कोणी देईल. पदविका नसलेल्या कीर्तनकाराला आणि पैलवानाला शाळा बोलावतात. तिलाही बोलाविता येईल. ताणेबाणे मोजून नक्षी उभारणे हा भूमितीचाच धडा आहे, हे गणिताच्या शिक्षकाला निराळे सांगायला नको.

मजुरीची बाब अधिक कठीण आहे. हाताने भरलेल्या एका अभ्र्याला जितके दिवस लागतात तितक्यांत यंत्र गठ्ठेच्या गठ्ठे काढते, आणि दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असले तर गिऱ्हाईक किंमतीची चिठ्ठी पाहते. नगावर मोबदला देण्याची पद्धत रूढ आहे. तीत बारीक काम करणारीचा तोटा आणि मोठे टाके घालून चटकन उरकणारीचा फायदा होतो. परिणामी काम हळूहळू ढोबळ होत जाते आणि मग तेच ढोबळ काम ‘अस्सल’ म्हणून खपते. दर तासांवर ठरला आणि टाक्याच्या बारकाईनुसार त्याच्या पायऱ्या पाडल्या, तर हा उतार थांबविता येईल. सहकारी सूतगिरण्या आणि साखर कारखाने चालवून दाखविणाऱ्या राज्याला शे-दोनशे स्त्रियांची सहकारी संस्था चालविणे अशक्य नाही.

साखर कारखान्यांचा विषय निघालाच आहे, तर एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. मराठवाड्यातील असंख्य लमाण कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्या महिन्यांत स्त्रीच्या हातात कोयता असतो, डोक्यावर मोळी असते आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत सुई धरण्याची सोय नसते. शासकीय प्रशिक्षण वर्ग मात्र आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, जानेवारी ते मार्चमध्ये, निधी खर्ची टाकण्यासाठी घेतले जातात. त्या वेळी तांड्यावर म्हातारी माणसे आणि कुलुपे असतात. वर्ग भरवायचा तर तो मृगानंतर, पेरण्या आटोपल्यावर भरवावा. तेव्हा घरे उघडी असतात, बाया परतलेल्या असतात, आणि पावसाची झड लागली की ओसरीवर बसून करण्यासारखे कामही हेच असते.