हेड गॅस्केट

हेड गॅस्केट हा अंतर्ज्वलन इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर होय. सिलिंडरमधील जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणतेल या तिन्हींना एकमेकांपासून वेगळे ठेवणे हे त्याचे काम आहे. ही फारकत कोठेही मोडली, की गॅरेजच्या भाषेत ‘गॅस्केट उडाले’ असे म्हणतात. सुटे गॅस्केट तुलनेने स्वस्त असते. खर्च येतो तो हेड उतरवून पुन्हा चढवण्याच्या मजुरीचा. त्यामुळे मारुती ८०० सारख्या साध्या रचनेच्या जुन्या गाड्यांचे हे काम घरीच करण्याकडे अनेकांचा कल असतो.

रचना

ज्वलनाच्या क्षणी वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. डिझेल इंजिनात दाब १०० बारहून अधिक होतो. त्याच ठिकाणी, काही मिलिमीटर अंतरावर, सुमारे ९० अंशांचे पाणी वाहत असते. पूर्वी गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक ठरल्याने त्याची जागा ग्राफाइटयुक्त मिश्र पदार्थांनी घेतली. आताच्या बहुतेक गाड्यांत पोलादाच्या पातळ पत्र्यांचे अनेक थर असलेले गॅस्केट येते. ते अधिक टिकाऊ असते, पण त्याला दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग अत्यंत गुळगुळीत लागतो.

बिघाडाची कारणे

बहुतेक वेळा गॅस्केट स्वतःहून खराब होत नाही. आधी इंजिन तापते. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ३० सेंटिमीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.५५ मिलिमीटर वाढते. खालचा लोखंडी ब्लॉक तेवढ्याच तापमानवाढीत साधारण ०.२६ मिलिमीटर वाढतो. हा फरक गॅस्केट रोज सोसते. मात्र पाणी संपून इंजिन कोरडे तापले, की बोल्टांनी जखडलेल्या हेडला पसरायला वाव उरत नाही. ते वाकते आणि थंड झाल्यावरही वाकलेलेच राहते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यातल्या बिद्री येथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि त्यांच्या मागे लहान गाड्या कमी गिअरमध्ये रांगत जातात. चालत्या गाडीला मिळणारा वारा अशा वेळी मिळत नाही. सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर असते. पंख्याची मोटर बंद असल्याचे चालकाला नेमके अशाच रांगेत समजते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर उसाचे पाचट आणि धूळ साचली, तर त्याचीही हीच गत होते. कूलंटऐवजी बोअरवेलचे जड पाणी भरण्याच्या सवयीने इंजिनातील पाण्याच्या वाटा क्षारांनी अरुंद होतात. कूलंट हे केवळ थंड प्रदेशातील गोठण टाळण्यासाठी असते, हा समज चुकीचा आहे. ते गंज रोखते आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवते.

लक्षणे

बाहेर कोठेही गळती नसताना पाणी कमी होणे, धुराड्यातून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, पाण्याच्या टाकीत बुडबुडे येणे आणि शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी भरणे, ही प्रमुख लक्षणे होत. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. केवळ तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून हेड उतरवणे मात्र घाईचे ठरते: पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत बाष्प साचूनही तशी साय धरते. तेल मोजण्याची पट्टीही दुधाळ असेल, तर शंका बळावते. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडावरील हवा या द्रवातून ओढली असता तीत कार्बन डायऑक्साइड असल्यास द्रव पिवळा पडतो.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा घरगुती उपाय रेडिएटरच्या बारीक छिद्रापुरता कधीमधी चालतो. ज्वलनाच्या दाबापुढे त्याचा काही उपयोग नसतो. उलट तो गाळ पाण्याच्या वाटा बुजवतो.

घरी बदलण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंशांच्या वर असते आणि झाकण निघताच उसळून चेहरा-हात भाजते. बॅटरीची तार काढून कूलंट झाकणाच्या भांड्यात उतरवून घेतात. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. गोठ्याजवळ किंवा अंगणात उघडे ठेवल्यास जनावरे ते पितात. ते ओढ्यात किंवा गटारातही सोडू नये.

त्यानंतर हवा घेण्याची व धूर सोडण्याची नळकांडी, वायरी आणि वरचे आवरण सोडवतात. टायमिंग पट्टा काढण्यापूर्वी दोन्ही चाकांवरील खुणा जुळवून छायाचित्र घेणे शहाणपणाचे. पट्टा एखाद्या दात्याने चुकला, तर गाडी नीट चालत नाही, आणि फरक मोठा असल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. हेडचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल करतात. हेड चिकटले असेल तर मध्ये पेचकस घालून उचकटू नये. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे गळतीची वाट होतो.

उतरवलेल्या हेडवर पोलादी सरळपट्टी उभी धरून तिच्याखाली फीलर गेज सरकवून पाहणे हा या कामातील निर्णायक टप्पा आहे, आणि घरी काम करणारे नेमका तोच गाळतात. लांबीच्या, रुंदीच्या आणि दोन्ही कर्णांच्या दिशेने मोजावे लागते. सर्वसाधारणपणे ०.०५ मिलिमीटरहून अधिक फट चिंतेची मानतात. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असते. हेड वाकलेले असेल तर नवे गॅस्केटही काही दिवसांतच उडते आणि सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. असे हेड फेसिंगसाठी यंत्रशाळेत द्यावे लागते. बिद्री परिसराला याबाबत कोल्हापूर सोयीचे पडते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे ओतकाम व यंत्रकामाची जुनी परंपरा आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना कागलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. फेसिंगबरोबरच हेडला तडा गेला आहे का, हेही दाब देऊन तपासून घेतात.

ब्लॉकचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करतात. पॉलिशपेपर किंवा घासणारी चकती वापरल्यास तिचे कण तेलात मिसळून बेअरिंग खातात. बोल्टांची भोके कोरडी करणे आवश्यक आहे: तळाशी साचलेले तेल वा पाणी दाबले जात नाही, त्यामुळे बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. नवे गॅस्केट खुणेप्रमाणे योग्य बाजू वर करून बसवतात.

बोल्ट टॉर्क पान्यानेच, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. अनेक आधुनिक इंजिनांत अखेरचा टप्पा ठरावीक अंशांत फिरवण्याचा असतो. त्यात बोल्ट कायमचा ताणला जात असल्याने जुने बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत. मारुती ८०० चा टॉर्क दुसऱ्या गाडीला लावण्याचा अंदाजपंचे हिशेब येथे चालत नाही.

जोडणी झाल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतात. पाणी मिसळलेले तेल व तेलाचा फिल्टर बदलतात. कूलंट भरून हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवतात. अडकलेल्या हवेच्या पोकळीमुळे दुरुस्त झालेले हेड पहिल्याच दिवशी पुन्हा तापू शकते. मूळ कारण, मग ते बंद पंखा असो, गळकी नळी असो वा अडकलेला थर्मोस्टॅट, याच वेळी दूर करावे लागते. सुरुवातीच्या प्रवासांनंतर, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी पुन्हा तपासतात.