एडिटिंगचा पीसी आणि खान्देशातला मे महिना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे खान्देशात लग्नांचा धडाका असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो. धुळ्यातही फार वेगळं नसतं. म्हणजे लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे वर्षातलं सर्वाधिक फुटेज साठतं, तेव्हाच त्याच्या खोलीतली हवा वर्षातली सर्वांत गरम असते. ‘हाई झुमकावाली पोर’सारखी अहिराणी गाणी यूट्यूबवर गाजली, तशी घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग आणि एडिटिंग मांडण्याची हौसही वाढली. पण नवा पीसी असेंबल करायचा म्हटलं की बोलणं सुरू होतं ते ग्राफिक कार्डापासून आणि संपतं बजेटवर. खरं तर आधी दोनच गोष्टी विचारायला हव्यात: कॅमेरा कोणत्या प्रकारची फाइल देतो, आणि मे महिन्यात दुपारी खोली किती तापते? या दोन्हींची उत्तरं हाती नसतील तर महागडी सिस्टिमही रडते.

‘गेमिंगचं भारी कार्ड घेतलं की एडिटिंग आपोआप मस्त चालतं’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. टाइमलाइन अडखळते तेव्हा बहुतेक वेळा कॅमेऱ्यातली दाबून लहान केलेली फाइल उलगडण्याचं काम मशीनला झेपत नसतं. या कामासाठी चिपमध्ये वेगळा विभाग असतो आणि त्याला सगळेच फॉरमॅट उलगडता येत नाहीत. सध्याचे अनेक मिररलेस कॅमेरे 10-बिट 4:2:2 प्रकारचं एच.265 फुटेज देतात, कारण त्यात रंगाची माहिती जास्त असते आणि ग्रेडिंगला वाव मिळतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 40 मालिकेपर्यंतच्या कार्डांत हे फुटेज हार्डवेअरवर उलगडण्याची सोय नव्हती. ती 2025 साली 50 मालिकेत आली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला मात्र हे 11व्या पिढीपासून जमतं. गंमत अशी की थोडे पैसे वाचतात म्हणून नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर घेतला जातो, आणि ‘एफ’चा अर्थच मुळी हे अंगचं ग्राफिक्स बंद, असा आहे. वाचवलेल्या पैशांत नेमकं हवं ते गेलं, आणि वर 40 मालिकेतलं पन्नास हजारांचं कार्ड बसवूनही फुटेज अडखळतंच. कार्ड निरुपयोगी आहे, असं मात्र नाही. दाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये रंग आणि नॉइज रिडक्शनचं काम मुख्यतः कार्डावरच पडतं आणि तिथे त्याची मेमरी कमी पडली की काम अडतं. पण ज्याचा सारा दिवस कटिंगमध्ये जातो त्याने आधी प्रोसेसर पाहावा. जुन्या मशीनवरही प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, तयार करून कटिंग केलं तर नव्या खरेदीची घाई उरत नाही.

एसएसडीच्या वेगाचंही असंच आहे. खोक्यावर सेकंदाला 7000 मेगाबाइट छापलेलं असतं. 100 मेगाबिटने शूट केलेल्या फोर-के फुटेजला लागतात सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तीन कॅमेरे एकदम चालवले तरी चाळिसाच्या आत. तेव्हा सर्वांत वेगवान एसएसडीसाठी जास्त मोजण्यापेक्षा साध्या एनव्हीएमईची क्षमता वाढवावी आणि बॅकअपला वेगळी हार्ड डिस्क ठेवावी. तासाभराचं असं फुटेज 45 जीबीचं होतं. लग्न दोन दिवसांचं असेल तर हिशोब ज्याचा त्याने करावा.

आता उष्णता. वॉटर कूलर बसवला की उन्हाळ्याची चिंता मिटली, असं सर्रास सांगितलं जातं. कूलर हवेचा असो वा पाण्याचा, शेवटी तो उष्णता टाकतो खोलीच्याच हवेत. खोलीपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. 24 अंशांच्या एसी शोरूममध्ये रेंडर करताना जो प्रोसेसर 80 अंशांवर राहतो, तोच त्याच कामाला 40 अंशांच्या खोलीत 96च्या आसपास जाईल. रायझनच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप चिपची मर्यादा 95 अंश आहे, इंटेलच्या चिपची साधारण 100. तिथे पोचल्यावर चिप स्वतःच वेग कमी करते आणि पंखे मात्र पूर्ण जोरात फिरतात. यावर स्वस्त उपाय बायोसमध्येच आहे. आय7-14700के टर्बोमध्ये 253 वॉटपर्यंत वीज घेतो. त्याला 125 वॉटवर बांधलं की उष्णता निम्म्यावर येते, वेग मात्र निम्मा होत नाही. रायझनमध्ये हेच काम इको मोड करतो. त्याच्या जोडीला पुढून जाळीचं, धुळीचा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्यावं आणि ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावं. काचेचं तोंड असलेलं आरजीबी कॅबिनेट फोटोत शोभतं, हवेला मात्र अडवतं. ‘मग एसीच लावू ना’ असं कोणी म्हणेल. जरूर लावावा, माणसालाही तो हवाच. पण भरदुपारी वीज गेली की एसी बंद पडतो आणि पीसी यूपीएसवर रेंडर करतच राहतो.

त्या यूपीएसबद्दलही बोललं पाहिजे. 600 व्हीए म्हणजे 600 वॉट, असं धरून चालणाऱ्यांची फसगत होते. असे यूपीएस बहुधा 360 वॉटच्या आसपासच देतात. रेंडरच्या वेळी प्रोसेसर 250 आणि कार्ड 200 वॉट मागत असेल, तर वीज जाताच यूपीएस ओरडून बंद पडतो आणि फाइल जाते ती जातेच. प्रोसेसर बांधून ठेवला तर 1000 व्हीएच्या यूपीएसवर काम निभावतं. एसएमपीएसवरच्या 80 प्लसच्या शिक्क्याला लोक मजबुतीची हमी समजतात. तो फक्त वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, आणि त्याची चाचणी 23 अंशांच्या आसपास होते. म्हणून वॉट काठोकाठ न घेता थोडे जास्तीचे घ्यावेत. त्याने वीजबिल वाढत नाही, कारण पीसी लागेल तेवढीच वीज ओढतो.

ऑडिओवाल्यांना सहसा याहून कमी ताकदीचं मशीन पुरतं. 24-बिट, 48 किलोहर्ट्झचे 40 मोनो ट्रॅक एकदम वाजवले तरी डिस्कवरून सेकंदाला सहा मेगाबाइटही वाचावे लागत नाहीत. आतल्या साउंड कार्डाचीही गरज नाही. यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि त्याचा एएसआयओ ड्रायव्हर पुरे. बफर 128 सॅम्पल ठेवला तर त्यापोटी होणारा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. खरी अडचण निघते माइकमध्ये. तापलेल्या मशीनचे पंखे घोंघावतात आणि कंडेन्सर माइक ती घरघर इमाने इतबारे गाण्यात टिपतो. म्हणजे 125 वॉटवर बांधलेला प्रोसेसर गायकाच्याही कामाचा. रेकॉर्डिंगमध्ये हम् आला की लोक माइक बदलतात. त्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि खड्ड्यात पाणी ओतण्याची जुन्या वायरमनची सवय त्यासाठीच आहे.

दुकानात जाताना स्वतःच्या कॅमेऱ्यातली दोन मिनिटांची क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा. जो प्रोसेसर घ्यायचा आहे तशाच प्रोसेसरच्या मशीनवर ती टाइमलाइनवर टाकून दाखवायला सांगा, आणि नुसतं कोटेशन पुढे करणाऱ्याला पैसे देऊ नका.