सामुदायिक नौकानयन : पुण्याचा अनुभव आणि माकणीचा जलाशय

नौकानयन हा केवळ धनिकांचा छंद होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाचा विचार केला आहे.

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळा-मुठा संगमाजवळ असून तेथील रेगाटा १९२८ पासूनची परंपरा होय. तिची व्यवस्था विद्यार्थीच पाहतात. नौका सामाईक असल्याने खर्चाचा भार एकट्यावर पडत नाही, हेच अशा उपक्रमाचे मर्म आहे. चांदवड तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील दत्तू भोकनळ यांनी सैन्यात दाखल झाल्यावर वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे स्थान मिळविले. म्हणजे उणीव गुणांची नसून संधीची आहे.

माकणी येथे तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय आहे. परंतु येथील मुलांना पाण्याची ओळख प्रामुख्याने भीतीतूनच होते. अवर्षणात पातळी खालावते, म्हणून पावसाळ्यानंतरचे महिनेच प्रशिक्षणास योग्य ठरतात. प्रथम पोहणे व जीवरक्षक जॅकेटचा वापर, नंतर वल्हे आणि शेवटी शीड, असा क्रम असावा. हे पाणी पिण्यासाठीही वापरले जात असल्याने इंजिनाच्या बोटी वर्ज्य असाव्यात.

सारांश, महाविद्यालय, ग्रामपंचायत व जलसंपदा विभाग यांनी एकत्र येऊन चार-सहा सामाईक नौकांनी आरंभ केल्यास भीतीची जागा कौशल्य घेऊ शकेल.